कळतसुद्धा नाही

बाईंनी रिमोटवरचं आवाजाचं बटण शून्य दिसेपर्यंत दाबलं, खात्रीसाठी आणखी दोनदा दाबलं, आणि मगच वाहिनी बदलली. चार वाजायला दोन मिनिटं होती. पलीकडच्या खोलीचं दार बंद होतं. आत सून टेबलाशी बसून इमारतींचे नकाशे काढत होती. बाईंनी खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढली आणि डावा अंगठा नऊच्या बटणावर ठेवला. नऊ म्हणजे प्राण्यांची वाहिनी. कोणी आलंच, तर एका क्षणात पडद्यावर गेंडे चरायला लागत.

ही युक्ती इतकी लागू पडली होती, की आईला गेंड्यांचं वेड आहे अशी मुलाची पक्की समजूत झाली होती. गेल्या वाढदिवसाला त्याने गेंड्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं आणि बाईंनी ते साळसूदपणे पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आता निम्मं झालं होतं. गेंड्यांबद्दल त्यांना बरीच माहिती झाली होती, आणि ती सगळी नाइलाजाने.

कारण चार वाजता लागायचं ते ‘दोन खुर्च्या’. तळ्याकाठच्या एका बंगल्यात बारा तरुण-तरुणी आणून ठेवलेले. त्यांनी आठ आठवडे एकमेकांच्या प्रेमात पडायचं, रुसायचं, रडायचं, आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर. दर आठवड्याला ज्याची पाळी असेल त्याने दोनपैकी एका खुर्चीत सगळ्यांकडे पाठ करून बसायचं. ज्याला जोडी जमवायची असेल त्याने मागून यायचं आणि तीनदा विचारायचं, ‘बसू का?’ मागे वळून बघायचं नाही. ‘बस’ म्हटलं तर जोडी जमली, गप्प राहिलं तर नकार. दुसरी खुर्ची रिकामी राहिली की बॅग भरायची.

बाईंसारख्या बाईने बघावं असं त्यात काहीही नव्हतं, आणि हे बाईंइतकं कोणालाच पटलेलं नव्हतं. मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा त्यांनी घरातला टीव्ही वर्षभर चादर गुंडाळून माळ्यावर टाकला होता. वाचनालयाच्या व्याख्यानात, दोन वर्षांपूर्वीच, दुसऱ्यांच्या खासगी गोष्टींत नाक खुपसायला लावणाऱ्या कार्यक्रमांवर त्या पाऊण तास तोफ डागत होत्या. मुलगा पहिल्या रांगेत बसून माना डोलावत होता. आईच्या करारी स्वभावाचा त्याला अभिमान होता. त्या भाषणाच्या तयारीसाठी म्हणून बाईंनी एक भाग पाहिला होता. दुसरा भाग कशासाठी पाहिला, याचं उत्तर त्यांनी स्वतःलाही दिलेलं नव्हतं.

आवाज नसल्याने त्यांचं काही अडत नव्हतं. त्यांनी चौतीस वर्षं ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवलं होतं. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. प म्हटलं की पट्टी फडफडली पाहिजे, म म्हटलं की हलता कामा नये. न म्हणताना नाकाखाली आरसा धरायचा, वाफ दिसली पाहिजे. ज्यांनी एवढी वर्षं दुसऱ्यांच्या ओठांकडे आणि जिभेकडे बघितलं, त्यांना टीव्हीवरच्या माणसांचं बोलणं ऐकावं कशाला लागतंय? उलट संगीताखाली जे दाबून टाकलेलं असे, तेही बाईंना कळे. पुटपुटलेली शिवी त्यांच्या तावडीतून सुटत नसे. फक्त प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे एका मुलीचा रुसवा बाबांवर आहे की मामांवर, हे मात्र त्यांना आठवडाभर कळलं नव्हतं.

आणि या वेळच्या बारा जणांत फुंकर होती.

पहिल्या भागात त्यांनी तिला ओळखलंच नाही. मोकळे केस, उंच मान, रुंद कपाळ; तिशीच्या आसपासची कोणीही देखणी मुलगी. मग तिला नाव विचारलं गेलं. तिने उजव्या हाताची दोन बोटं गळ्याखालच्या हाडावर दोनदा टेकवली आणि मग तोंड उघडलं. बाई खुर्चीतून पुढे सरकल्या. ती खूण त्यांची होती. शाळेत हातवाऱ्यांना सक्त बंदी. मुलं खुणा करायला लागली की त्यांना हात मांडीखाली दाबून बसायला लावत. फक्त ही एक खूण बाईंनीच काढलेली आणि चालणारी: दोन बोटं, दोनदा, म्हणजे आता आवाज सुरू कर. हाड थरथरलं की समजायचं, आवाज निघाला.

मग त्यांनी ओठ पाहिले, आणि शंका उरली नाही. साधी माणसं बोलताना निम्मी अक्षरं गिळतात. या मुलीने एकही गिळलं नव्हतं. प्रत्येक अक्षर घासूनपुसून ठेवलेलं. असं बोलणारी मुलं जगात एकाच वर्गातून बाहेर पडली होती आणि तो वर्ग बाईंचा होता.

चार वर्षांची असताना आली ती. सहा महिने तिच्या तोंडून आवाज म्हणून निघाला नाही, नुसती हवा. पण हवा अशी, की एके दिवशी प म्हणायला सांगितलं तर कागदाची पट्टी बाईंच्या हातातून सुटून थेट कपाटावर गेली. सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या आणि तिचं नाव फुंकर पडलं. पुढे आठ वर्षांनी तीच मुलगी स्नेहसंमेलनात पाच मिनिटं न अडखळता बोलली. पाहुणे म्हणून आलेले एक अधिकारी खाली उतरल्यावर बाईंना म्हणाले, अहो, कळतसुद्धा नाही.

शाळेत याहून मोठं बक्षीस नव्हतं. पालक त्या दोन शब्दांसाठी झुरत. बाईंनी ते चौतीस वर्षांत अनेकदा मिळवले होते आणि प्रत्येक वेळी घरी येऊन सांगितले होते. त्या दिवशी मंचावर जाण्याआधी फुंकरने केस कानामागे सारले होते. बाईंनी ते पुन्हा पुढे ओढून, कानांमागची श्रवणयंत्रं झाकली जातील असे, चापाने बसवले होते. चाप त्यांचा स्वतःचा होता, तोंडाजवळ थोडा वाकलेला.

आता पडद्यावर फुंकर दर दोन मिनिटांनी केस कानांवर ओढून घेत होती. बंगल्यात कोणालाही पत्ता नव्हता. मागून हाक मारली की ती वळत नसे, म्हणून बाकीच्या मुलींनी तिचं नाव महाराणी ठेवलं होतं. बाई ते ओठांवर वाचत आणि त्यांचा जळफळाट होई. पण त्याच वेळी आत कुठेतरी गुदगुल्याही होत. सहा आठवडे झाले, बंगल्यातली माणसं चोवीस तास तिच्याबरोबर राहतायत, आणि कळतसुद्धा नाही.

एवढं असून आवाज मात्र त्यांनी एकदाही वाढवला नव्हता. सून बाजारात गेलेली असताना, घरात कोणीही नसताना, दोनदा बोट बटणावर गेलं आणि परत आलं. अठरा वर्षांत तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता. ओठ तसेच राहिले होते, पण ओठ म्हणजे आवाज नव्हे. शाळा सुटली की मुलांचा आवाज सैल पडतो, नाकात जातो. आपण केलेलं काम टिकलं की नाही, हे बाईंना हवंही होतं आणि नकोही होतं.

आज खुर्च्या पहिल्यांदाच बाहेर मांडल्या होत्या. तळ्याच्या काठाला, लाकडी फळ्यांवर. फुंकर पाठ करून पाण्याकडे तोंड करून बसली होती आणि तिचे केस वाऱ्याने उडत होते.  यंत्रात वारा शिरला की नुसतं घोंघावणं. मग त्या कानात कोणी शंख फुंकला तरी उपयोग नाही. हे शाळेतल्या शिपायालासुद्धा माहीत होतं. सहलीला गेलं की मुलांना वाऱ्याकडे पाठ करून उभं करायचे ते.

मागून बेकरीवाला आला. बारा जणांत तोच एक बाईंना पसंत होता. पहाटे तीनला उठून भट्टी लावणारा माणूस. बोलायला सावकाश, आणि समोर येऊन बोलण्याची सवय असलेला. त्याच्याशी बोलताना फुंकरचे खांदे सैल पडत, हे बाईंनी तिसऱ्याच आठवड्यात हेरलं होतं. तो चार पावलांवर थांबला. त्याचे ओठ हलले: बसू का?

कॅमेरा फुंकरच्या चेहऱ्यावर गेला. ती पाण्याकडे बघत होती. शांत, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. ती वाट बघत होती.

बसू का?

ती वाटच बघत होती. केस कानांवरून उडाले तसे तिने घाईने ओढून घेतले. तिचे ओठ मिटलेले होते, पण बाईंना दिसत होतं, की त्या मिटलेल्या ओठांमागे ‘बस’ तयार आहे. हनुवटी पुढे आली होती. दोन बोटं मांडीवरून उचलली गेली होती.

बसू का?

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाच उचलून जमिनीवर हाणली. एकदा, दोनदा, तीनदा. ऐकू न येणाऱ्या मुलाला मागून बोलवायचं तर हाक मारून उपयोग नसतो, जमीन हादरवावी लागते. फळ्यांची जमीन असेल तर उत्तमच. चौतीस वर्षं त्या असंच बोलवत आल्या होत्या. फुंकर दोन महिन्यांपूर्वी चित्रित होऊन गेली आहे, कुठल्या तरी दूरच्या तळ्याकाठी आहे आणि या दिवाणखान्याची फरशी तिच्या पायाखालून जात नाही, हे त्यांच्या टाचेला सुचलं नाही.

पलीकडच्या खोलीत खुर्ची कोसळल्याचा आवाज झाला आणि दार धाडकन उघडलं.

“आई, पडलात का?”

सून दारात उभी होती. तिच्या एका कानात इअरफोनचं बोंडूक होतं आणि त्याची तार हवेत लोंबत होती. घाईत उठताना ती लॅपटॉपमधून निसटली होती, आणि आता आतून, भरल्या आवाजात, सारंगीसारखं काहीतरी रडत होतं. त्यावर एका पुरुषाचा आवाज आला, अगदी बारीक झालेला: “ठीक आहे.”

दिवाणखान्यात पडद्यावर बेकरीवाल्याचे ओठ नेमके तेच दोन शब्द म्हणत होते.

बाईंचा अंगठा नऊच्या बटणावर होता, पण तो दाबायला त्या विसरल्या. सासू-सुनेने एकमेकींकडे बघितलं. मग सुनेने टीव्हीकडे बघितलं, बाईंनी उघड्या दारातून दिसणाऱ्या लॅपटॉपकडे बघितलं, आणि काहीतरी बोलण्याची पाळी दोघींवरही एकदमच आली.

सुनेने आधी कबुली दिली. नकाशे काढताना हात आणि डोळे अडकलेले असतात, कान मोकळे असतात, म्हणून ती ऐकते. चित्र बघायला वेळच नसतो. कोण कसं दिसतं तेही तिला धड माहीत नव्हतं. आईंना कळलं तर काय वाटेल, या धसक्याने तिने दोन वर्षं सांगितलं नव्हतं. वाचनालयातल्या त्या भाषणाला तीही हजर होती. बाईंनी मग आपली बाजू मांडली, ती अर्थातच फार लंगडी होती. थोडक्यात निष्पन्न झालं ते असं, की एका भिंतीच्या अलीकडे एक जण दोन वर्षं नुसतं चित्र बघत होती आणि पलीकडे दुसरी नुसता आवाज ऐकत होती. सुनेला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्या अजून उभ्याच होत्या.

“काय माज आहे बघा त्या महाराणीचा,” सून डोळे पुसत म्हणाली. “तीनदा विचारलं बिचाऱ्याने. आवाज कापत होता त्याचा. ही हूं की चूं नाही.”

“माज नाही तो. तिला ऐकूच आलं नाही.”

“म्हणजे?”

“तिला ऐकू येत नाही. जन्मापासून. माझ्या वर्गात होती ती, आठ वर्षं.”

सून मटकन सोफ्यावर बसली. ती पडद्यावरच्या मुलीकडे बघत राहिली, जणू इतके दिवस ऐकलेला आवाज त्या चेहऱ्यावर बसतो का ते ताडून पाहत होती. मग म्हणाली, “पण मी तर सहा आठवडे नुसतं ऐकतेय हो तिला. मला वाटलं, बाहेरच्या देशात वाढलेली असेल. फार जपून बोलते, एवढंच. आई, खरं सांगू? कळतसुद्धा नाही.”

बाईंनी ते ऐकलं आणि सवयीने मान ताठ केली. पण नेहमीसारखं आत काही उजळलं नाही. पडद्यावर बेकरीवाला परत चालला होता, पाठमोरा. आणि फुंकर अजूनही पाण्याकडे तोंड करून, हनुवटी पुढे काढून, त्याची वाट बघत होती.

पुढचे चार दिवस घरात गेंड्यांना मोठा ऊत आला. रात्री जेवायला बसल्यावर मुलासमोर उघड बोलायची सोय नव्हती, आणि बोलल्याशिवाय दोघींना चैन नव्हती. मग सून सुरुवात करी, की त्या गेंडीला कळपाने वाळीत टाकलंय. बाई म्हणत, तिने स्वतःहून तोंड उघडलं तरच काही होईल. सून म्हणे, कार्यक्रमवाल्यांना सगळं ठाऊक असणार, मुद्दाम दाबून ठेवलंय. मुलगा घास हातात धरून विचारी, की गेंड्यांच्या कार्यक्रमात दाबण्यासारखं काय असतं? सून त्याला आणखी एक पोळी वाढी.

दुपारी दोघी आता एकत्र बघत. सून एका कानात बोंडूक घालून आवाज सांभाळी आणि बाई चित्र. आवाज मोठ्याने लावू या का, असं सुनेने एकदा विचारलं. बाईंनी नको म्हटलं. पण त्यांनी त्या दिवशी आपणहून एक गोष्ट तिला सांगितली. वाकलेल्या चापाची. सांगून झाल्यावर म्हणाल्या, “मी तिला बोलायला शिकवलं. ऐकू येत नाही असं कोणाला सांगायचं कसं, ते शिकवलं नाही. ते न सांगता राहायला शिकवलं.”

 सुनेने बाईंच्या पेल्यात चहा ओतला आणि स्वतःचा थंड झालेला पिऊन टाकला.

त्या आठवड्याचा शेवटचा भाग रविवारी संध्याकाळी सहाला होता. ज्यांची खुर्ची रिकामी राहिली त्यांना निघण्याआधी एकदा, शेवटचं, बसायची मुभा होती. फुंकर बसेल की बॅग उचलून तशीच निघेल, एवढाच प्रश्न बाईंना चार दिवस कुरतडत होता. ती गप्प निघून गेली, तर उद्यापासून सगळीकडे तिचं नाव माजोरडी म्हणून होणार होतं. आणि ती तशी गेली तर कोणाची आज्ञा पाळून गेली, हे फक्त बाईंना कळणार होतं.

मुलगा रविवारचा दिवाणखान्यात पाय पसरून वाचत पडला होता. बाई सहाला पाच कमी असताना आल्या आणि त्यांनी त्याच्या पायाशी पडलेला रिमोट उचलला.

“गेंडे का?” त्याने वर न बघता विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “दोन खुर्च्या.”

त्याने पुस्तक खाली केलं. चेष्टा समजून तो हसायच्या बेतात होता, पण आईचा चेहरा बघून थांबला. बाईंनी खुर्ची नेहमीसारखी पुढे ओढली. मग त्यांनी आवाजाचं बटण दाबायला सुरुवात केली, या वेळी वरच्या बाजूला. एक, पाच, दहा. निवेदकाचा आवाज खोलीभर झाला. आतल्या खोलीतून सून आली आणि सरळ बाईंच्या शेजारी जमिनीवर बसली. मुलाने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. “तूसुद्धा?” एवढंच त्याने बायकोला विचारलं. तिने हाताने त्याला गप्प केलं.

फुंकर फळ्यांवर आली. बॅग तिच्या हातात होती. ती खुर्चीपाशी थांबली आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यापाशी गेला. सुनेला त्या वेळी वाऱ्याखेरीज काही ऐकू आलं नाही. बाईंना दिसलं. ओठ मिटले, गाल फुगले, ओठ उघडले. मिटले, उघडले. मिटले, उघडले. प, प, प. शाळेच्या दारातून आत येताना, मंचावर जाताना, परीक्षेआधी, बिनआवाजाचे तीन प. मनातली भीती आधी फुंकून टाकायची, असं बाई मुलांना सांगत.

“बोलणार ती,” बाई म्हणाल्या.

फुंकरने बॅग खाली ठेवली. खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरलं आणि ती उचलून उलटी फिरवली. तळ्याकडे पाठ, माणसांकडे तोंड. निवेदक पुढे झाला, नियमांचं काहीतरी बोलायला लागला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. मनगटातला रबर काढला आणि वाऱ्याने उडणारे सगळे केस गोळा करून वर घट्ट बांधले. दोन्ही कान उघडे पडले, आणि कानांमागची दोन्ही यंत्रं. महाराणी म्हणणाऱ्या मुलींपैकी एकीने तोंडावर हात ठेवला.

दोन बोटं गळ्याखालच्या हाडावर टेकली. दोनदा. खुर्चीत बसलेल्या बाईंची दोन बोटंही तिथेच गेली होती; सुनेला ते दिसलं.

“मला मागून बोललेलं ऐकू येत नाही,” फुंकर म्हणाली. “कधीच येत नव्हतं. ज्याला काही विचारायचंय, त्याने समोर येऊन विचारावं.”

आवाज मोठा होता. सहा आठवडे जपून, मऊ, मोजून बोललेला आवाज हा नव्हे; सुनेने एकदम बाईंकडे बघितलं. या आवाजात नाक होतं, शब्दांच्या कडा जाड होत्या, स थोडा सैल सुटत होता. सगळं जग ऐकतंय आणि ऐकू दे, अशा तऱ्हेने ती बोलत होती. बाईंनी अठरा वर्षांनंतर तो ऐकला. सैल पडला होता, नाकात गेला होता, आणि प्रत्येक अक्षर तरीही जागच्या जागी होतं. कागदाची पट्टी कपाटावर उडवणारी हवा त्यात अजून होती. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. पुसायला हात रिकामा नव्हता. एक गळ्याखाली होता आणि दुसऱ्यात रिमोट.

बेकरीवाला घोळक्यातून निघाला होता. फळ्यांवरून वळसा घालून तो तिच्या समोरच्या बाजूला येत होता, सावकाश, नेहमीसारखा.

मुलाने पुस्तक केव्हाच मिटलं होतं. तो पुढे वाकून ऐकत होता. भुवया जवळ घेऊन त्याने जरा वेळाने विचारलं, “आई, या मुलीचं बोलणं वेगळं वाटतंय, नाही?”

“कळतंय ना?” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आवाज आणखी वाढवला.